शेजारचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा आडाखा साधा होता: माणूस तोंडाने काय वाट्टेल ते सांगतो, पाय खोटं बोलत नाहीत. पोरांचे पाय उतावळे, पेन्शनरांचे घाबरट. पण पंचावन्नीच्या या बाईंनी पहिल्या दिवसापासून असा बेताने ब्रेक दाबला, की मास्तरांच्या पायाखालच्या जादा ब्रेकला कामच उरलं नाही.

शेवटच्या दिवशी सिग्नलला गाडी अलगद थांबली, तेव्हा त्यांनी विचारलंच, "ताई, खरं सांगा, आधी कुठे शिकलात?"

"यांच्या शेजारी बसून. वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा."

"तिथे कुठला आलाय ब्रेक!" मास्तर हसले. "आमचीही तेच करते. एक दिवस गाडीला भोक पाडणार आहे."

"हेही असेच हसायचे. म्हणायचे, सरकार, तुमचा ब्रेक कशालाच जोडलेला नाही. आणि म्हणता म्हणता वेग कमी करायचे."

"मग आता साहेबांना बसवा शेजारी. दाबू देत त्यांनाही जरा!"

सिग्नल हिरवा झाला. बाईंनी गिअर टाकला.

"गेल्या वर्षी एकदा माझं डोकं दुखत होतं, म्हणून ते एकटेच निघाले," समोर बघत त्या म्हणाल्या. "वळण नेहमीचंच होतं. माझा ब्रेक जोडलेला होता, मास्तर."