मिस्त्रींची काही तक्रार नाही

"बायकोचा आवाज कानावर पडल्याशिवाय फॉर्म बंद करू नकोस," असं दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. दुखणं पुरुषाचं, ऑपरेशन पुरुषाचं, त्यात बायकोला कशाला ओढायचं?

आत्ता ती गॅलरीत उभी राहून फोनवर ओरडत होती. आत बाळ दोन तासांच्या खटपटीनंतर कुठे झोपलं होतं, म्हणून दार ओढून घेतलेलं. आणि ओरडणं भाग होतं, कारण पलीकडचे मिस्त्री लाकूड कापायच्या मशीनशेजारी जन्म काढलेले, कानाने अर्धे.

"काका, दहा वर्षांपूर्वी तुमचं ऑपरेशन झालं होतं ना? लिंगाचा वाक काढायचं?"

शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू चिमटा हातात धरून तशाच थांबल्या.

"झालं होतं की! विचारा बिनधास्त, स्पीकर लावलाय."

दवाखान्याचं हे काम ती घरून करायची. पन्नाशीच्या आसपास काहींच्या तिथे आत गाठ धरते, हळूहळू वाक येतो. तिथले सर्जन, म्हणजे सर, तो ऑपरेशन करून काढत. त्या माणसांचं इतक्या वर्षांनी कसं चाललंय ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. मिस्त्रींचा फॉर्म शेवटचा. परिषदेला आकडे पाठवायचे म्हणून सरांना तो संध्याकाळी हवा होता.

"वाक परत आला का, काका?"

"छे! रोज पहाटे बघतो ना. ओळंबा लावून घ्या."

"लांबी कमी झाल्यासारखी वाटते?"

"पाव इंच गेली. रंध्याखाली तेवढं जातंच."

"बधिरपणा? ताठरता कमी?"

"कशालाच धक्का नाही. मशीन चालू करायला गेलं की चालू."

तिला हसू आवरेना. शेजारच्या काकूंनी तर वाळलेलाच टॉवेल पुन्हा वाळत घातला.

"आता शेवटचं. संबंधांच्या बाबतीत समाधानी आहात?"

"काही तक्रार नाही."

तिने 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. इतका देखणा फॉर्म आजवर भरला नव्हता. ती फोन ठेवणार, एवढ्यात पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला.

"तक्रार नाही?" बाईचा आवाज होता. "अहो, तक्रार यायला गिऱ्हाइकाने दुकानाची पायरी तरी चढायला हवी ना! ताई, खोडा ती खूण. दहा वर्षं हा माणूस माझ्याकडे पाठ करून झोपतोय."

तिने खूण खोडली.

"ऑपरेशनआधी जवळ यायचे नाहीत ते समजलं होतं मला. दुखायचं त्यांना. नंतरही नाही. मग मी मनाशी धरून चालले, आपण आता नकोशा झालो. आरशात बघणं सोडलं मी, ताई."

"नकोशी?" मिस्त्री चक्रावले होते. "अगं, डॉक्टरांनी बजावलंय! कागद आहे कपाटात, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. 'डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावेत.' लिहिलंय तसं."

"मग?"

"मग काय? सांगितलंच नाही कुणी! टाके बघायला गेलो, तेव्हा 'झकास आहे' म्हणाले. 'चालेल' म्हणाले नाहीत. जोड चिकटवला की वस्तादाने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे काय मला शिकवायला हवं?"

"आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"मला वाटलं, तुला माहितीये."

"मला कोण सांगणार? मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं होतं!"

तिने घाईघाईने "थांबा, दोघंही थांबा" म्हणून सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ज्या केसवर त्यांची सगळ्यात मोठी भिस्त होती, ती ही.

"सहा आठवडे," ते म्हणाले. "फक्त सहा आठवड्यांसाठी होतं ते. आज संध्याकाळी दोघांना बोलाव. मी स्वतः बघतो आणि स्वतः सांगतो. आणि बाईंना आत बसव."

सरांनी तपासून 'चालेल' म्हटलं आणि दोघं घरी गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "फॉर्म नंतर भरू, ताई. सध्या वेळ नाही."

सरांनी परिषदेला आकडे पाठवले नाहीत. 'पूर्ण समाधानी' असलेल्या सगळ्यांना ती आता पुन्हा फोन करते आहे. बायकोलाही समोर बसवून घ्या म्हणते, आणि फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्न सगळ्यात आधी विचारते. आतापर्यंत चौघांकडून उत्तर यायला फार वेळ लागला.

दोन नंबर मात्र बंद लागतात. तुमच्या ओळखीत कुणी असा बरा होऊन, कागद जपून, गप्प बसलेला असेल, तर तेवढं विचारून बघा हो: "चालेल" असं त्याला कुणी म्हणालंय का?