झऱ्यावरचा दुसरा प्रश्न

“तुम्हीच सांगितलंत ना अबूना, परवा रविवारी, माईकवर?” उम्म नसीमनं प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटला. “मालकिणीकडून पळालेल्या त्या दासी हागारला रानात झऱ्यापाशी भेटला तो साधासुधा दूत नव्हता. खुद्द प्रभू येशू होता, मरियेच्या पोटी यायच्या कितीतरी आधी. सांगितलंत की नाही?”

“सांगितलं,” चर्चचे पाद्री अबूना यस्सा म्हणाले.

“आणि काय बोलला तो तिला? मालकिणीकडं परत जा. तिच्या हाताखाली नीट राहा. प्रभूच्या तोंडचे शब्द! आता तुम्ही या पोरीला वेगळं काही सांगणार?”

ही पोर म्हणजे तिची सून. इस्तीर समोरच्या खुर्चीत बसली होती, सहाव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरून. पायाशी कपड्यांची पिशवी. सकाळीच घर सोडून ती चर्चच्या सभागृहात येऊन बसली होती. दाराशी तिचा नवरा नसीम उभा. आईकडं बघावं की बायकोकडं हे ठरत नसल्यानं तो आपल्या चपलांकडं बघत होता.

अबूनांनी दाढीतून हात फिरवला. रविवारचं प्रवचन चांगलं झालं होतं. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं होतं, आणि वाटल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात क्षमाही मागून टाकली होती. देव दूताच्या रूपात पहिल्यांदा आला तो कुणा राजाकडं नाही, आपल्या इजिप्तच्या एका मोलकरणीकडं, असं ते म्हणाले तेव्हा बायकांच्या बाजूला एका म्हातारीनं आनंदानं, लग्नात करतात तसं, उलूलू करायला तोंडच उघडलं होतं. शेजारणीनं वेळेवर दाबलं. आता तेच प्रवचन उम्म नसीमच्या हातात लाटण्यासारखं दिसत होतं.

“इस्तीर,” ते म्हणाले, “सासूबाई रागात बोलतात, पण मनानं…”

“मनानं चांगल्या आहेत,” इस्तीरनं वाक्य पुरं केलं. “मागच्या वेळी पण हेच म्हणाला होतात, अबूना. मी गेले परत. पाचव्या महिन्यात गॅसचा सिलिंडर घेऊन तीन मजले चढले. बाळ जिन्यातच गेलं.”

“मी ढकललं का तिला?” उम्म नसीम उसळली. “या नसीमच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत शेतातून ज्वारीच्या ताटांचे भारे वाहिले. मला नाही कुणी उशीला टेकवून बसवलं!”

शेवटचं वाक्य तिला हवं होतं तेवढं रागाचं आलं नाही. तिनं काळी शाल उगाचच सारखी केली.

“रविवारी मी पण होते,” इस्तीर म्हणाली. “मागच्या रांगेत. तुम्ही वाचलंत, की त्यानं आधी दोन गोष्टी विचारल्या तिला. कुठून आलीस, आणि कुठं निघालीस.”

“हो. त्याला सगळं माहीत होतं, तरी विचारलं.”

“पहिल्याचं उत्तर तिनं दिलं. मालकिणीपासून पळतेय म्हणाली. दुसऱ्याचं दिलंच नाही.”

अबूनांना आठवेना. त्यांनी टेबलावरचं पुस्तक ओढलं, चष्मा चढवला, ओळीखालून बोट फिरवलं. खरंच नव्हतं. दोन प्रश्न, एक उत्तर, आणि लगेच ‘परत जा’. सत्तावीस वर्षं ते हे पान वाचत होते.

“तिच्याकडं उत्तर नसेलच,” इस्तीर म्हणाली. “पोटुशी बाई, भोवती वाळू. कुठं जाणार होती बिचारी? म्हणून धाडलं असेल परत, निदान जगेल तरी. पण माझ्याकडं उत्तर आहे, अबूना. मला विचारा.”

“अगं बाई, वकीलच झाली की ही!” उम्म नसीम म्हणाली. “अबूना, तुम्ही हिचं काय ऐकून…”

अबूनांनी हात वर केला. आशीर्वादाला करत तसा नाही, चौकातला पोलीस करतो तसा. मग खुर्ची ओढून इस्तीरच्या समोर बसले.

“कुठं निघालीस, पोरी?”

“मल्लावीला. माझ्या मावशीकडं. तळमजल्यावर राहते ती, समोरच दवाखाना आहे. बाळंत झाले की बाळाला घेऊन येईन. पळून जात नाहीये मी. नसीमला आठ दिवसांपूर्वीच सांगितलंय.”

सगळे नसीमकडं वळले.

“तुला माहीत होतं?” आईनं विचारलं.

नसीमनं होकारार्थी मान हलवली. “तुला सांगायला धीर होईना, आई.” एवढं बोलून तो बाहेर गेला.

“पळाला,” उम्म नसीम म्हणाली. “बापावर गेलाय.”

अबूनांनाही तसंच वाटलं. पण बाहेरून लोखंड फरशीवर खरवडल्याचा आवाज आला, म्हणून ते दाराशी गेले. गल्ली इतकी अरुंद, की टुकटुक रिक्षा एकदा आत घातली की वळायची नाही. नसीमनं घातली होती ती घराकडं तोंड करून. आता पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलून तो तिला जागच्या जागी फिरवत होता, मोठ्या रस्त्याकडं. अर्ध्यात येऊन ती अडकली. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

अबूनांनी चष्मा मागोमाग आलेल्या इस्तीरच्या हातात दिला, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि मागून खांदा लावला. टुकटुक तसूभरही हलली नाही.

उम्म नसीम दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ दोघांची झटापट बघत राहिली.

“मागचं चाक पायरीला अडलंय,” ती शेवटी म्हणाली. “डोळे आहेत की नाहीत दोघांना?”