तिसऱ्या नंबरची जागा

“बाई, ती चादरींची दोरी काढा ना जरा. फ्रेममध्ये येतेय.”

सकाळी सात वाजता कोण कुठला माणूस इस्त्रीवालीच्या अंगणात तीन पायांचं स्टँड रोवून उभा होता, आणि वर तिलाच हुकूम सोडत होता. दोरीवर एका हॉटेलच्या आठ चादरी होत्या. काल धुतल्या तेव्हा पांढऱ्या होत्या. आता त्यांच्यावर काळे ठिपके होते, म्हणजे सगळ्या पुन्हा धुवायच्या.

“दोरी येते, आणि धूर येत नाही वाटतं तुमच्या फ्रेममध्ये?”

“धूर कुठला? धुकं आहे ते!” तो हसला. मफलर नाकावर ओढून त्याने पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घातलं.

तिला शिसारी आली. अंगणासमोर तळं होतं आणि तळ्यापलीकडे अख्ख्या शहराचा कचरा. तो ढीग पावसाळा सरल्यापासून आतल्या आत जळत होता. थंडीत धूर वर जात नसे. पहाटे तो तळ्यावर पसरायचा आणि ऊन आलं की सोन्यासारखा दिसायचा. कुणीतरी त्याचा फोटो काढला. मग आणखी कुणीतरी हिवाळ्यात फोटो काढण्यासारख्या शहरातल्या दहा जागांची यादी केली, आणि तिचं अंगण तिसऱ्या नंबरवर जाऊन बसलं. पहिल्या दोन जागा कुठल्या, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिथली माणसं कशी जगत असतील, एवढाच विचार तिच्या मनात यायचा.

तेव्हापासून रोज झुंबड. कुणी नवरीला गुडघाभर पाण्यात उभी करायचं, कुणी कुत्र्याला स्वेटर घालून आणायचं. भिंतीमागे जाऊन मोकळे व्हायचे आणि हात तिच्याच चादरींना पुसायचे. एकीने तर लेकराचं भरलेलं डायपर इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. “दोनच मिनिटं हं,” म्हणाली आणि गेली ती गेलीच. खोकत खोकत “काय सुंदर, काय सुंदर” म्हणत ही माणसं फोटो काढत राहायची.

तेही तिने गिळलं असतं. पण घरात तिची चार वर्षांची पोर उशांना टेकून बसलेली होती. आडवी झाली की तिला दम लागायचा. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू यायची. “जागा बदला,” डॉक्टर म्हणाला होता. सांगायला त्याचं काय जातंय? नवरा त्याच ढिगावर वॉचमन, तोही कच्चा. ही खोली त्या नोकरीबरोबर मिळालेली. खोली सोडायची तर नोकरीवर पाणी सोडायचं. म्हणून तिने नवऱ्याच्या नकळत कचरा खात्याकडे तीन अर्ज केले होते. तिन्हींत एकच मागणं: आग विझवा.

आणि आज, चादरी पुन्हा भिजत घालताना, खात्याचा साहेब खरंच दारात आला. बरोबर टेप धरायला दोन माणसं. साहेबाच्या नाकाला रुमाल होता. तो बघूनच तिला निम्मं बरं वाटलं. निदान एकाला तरी वास येत होता.

“किती वाजेपर्यंत राहतं हे?” त्याने वही उघडली.

“वारा नसला तर साडेनऊ.”

“रोज सारखंच?”

“छे हो. कोरडा कचरा पडला की भडका उडतो, मग काळा धूर. ओला पाला पडला की नुसतं धुमसत राहतं. तेव्हा बघा, पांढराशुभ्र! समोरचं झाड दिसत नाही. त्या दिवशी पोरीचे हाल बघवत नाहीत, साहेब.”

“आणि पावसात?”

“पावसात विझतं.”

“हं. ही अडचणच आहे.”

त्याने सगळं लिहून घेतलं. पोरीचं नाव, वय, दुखणं, औषधं, सगळं. आजवर तिचं बोलणं इतका वेळ कुणी ऐकलं नव्हतं. माणसं अंगण मोजत होती. पाण्याचा पाइप इथूनच नेणार असतील, तिने मनाशी ठरवून टाकलं. साहेब गेल्यावर ती कितीतरी दिवसांनी पोरीजवळ बसून हसली.

चौथ्या दिवशी भर दुपारी नवरा धावत घरी आला. अर्जांचं कळलं, आता काही खैर नाही, असं वाटून तिने इस्त्री उभी करून ठेवली. पण तो हसत होता. त्याच्या हातात कागद होता.

“अगं, पर्मनंट झालो! पक्का! आपल्या अंगणात फोटोवाल्यांसाठी कट्टा बांधतायत, त्याची देखरेखही माझ्याकडे.”

“आणि आग कधी विझवणार?”

“विझवतायत कशाला? तेच तर काम दिलंय मला. पावसाळ्यात वर पत्रे घालायचे, आणि थंडीत रोज पहाटे ओल्या पाल्याची एक गाडी टाकायची. साहेब म्हणाले, तुझ्या बायकोइतकी बारीक माहिती आमच्या इंजिनियरलाही नाही.”

आत पोर खोकायला लागली ती थांबेना.

“अशी काय बघतेस? अर्जांवरून मी रागावलेलो नाही, खरंच,” तो तिच्याजवळ येऊन म्हणाला. “उलट त्यामुळेच तर पोरीचं नाव खात्याच्या दवाखान्याच्या कार्डावर चढलं. आता तिला कितीही दम लागू दे, दवाखाना फुकट!”