पिपेटमधला घोट

घोट गिळला गेला तेव्हा परीक्षक तिच्याकडेच बघत होते.

पिपेट तोंडाने ओढायची नाही, असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं. पण तिच्या वाट्याला आलेला रबरी फुगा फाटका निघाला. दाबला की नुसता सुस्कारा टाकायचा. मग इतर मुलं चोरून करतात तसं तिनेही खाली वाकून काचेची नळी ओठांत धरली. नेमकी त्याच वेळी परीक्षकांची मान वर झाली. थुंकावं तर चोरी उघडी पडणार. तिने पिपेट बीकरमध्ये सोडली, ओठ मिटले आणि तोंडात आलं होतं ते गिळून टाकलं.

मग तिला घाम फुटला.

टेबलावर दोन बीकर होते. एकात परीक्षेसाठी मिळालेलं पाणी. त्यात किती क्षार आहेत, म्हणजे ते किती कडक आहे, ते शोधायचं होतं. दुसऱ्यात ते शोधायचं रसायन, ईडीटीए. दोन्ही नितळ, जुळ्या बहिणींसारखे. घाईगडबडीत चिठ्ठी एकावरही लावली नव्हती. पिपेट उजवीकडच्या बीकरमध्ये उभी होती. उजवीकडे काय ओतलं होतं? आठवेना. चव आठवून पाहावी, तर जीभ लाकडासारखी कोरडी.

ईडीटीए शिकवताना वर्गावरच्या बाईंनी एक गाणं रचून म्हटलं होतं.

सहा नांग्यांचा खेकडा
पाण्यात लपून बसे,
कॅल्शियम दिसता धरी
सोडणं ठाऊक नसे.

सगळा वर्ग हसला होता. तीही हसली होती. आता तो खेकडा तिच्या गळ्याखाली उतरत होता, हळूहळू, तिरपा तिरपा. कॅल्शियम दातांत असतं. हाडांत असतं. धडधडणाऱ्या काळजालाही लागतं. सकाळी फोनवर आई म्हणाली होती, परीक्षा आहे, काहीतरी पोटात घालून जा.

उजव्या बीकरमधलं थोडं तिने दुसऱ्या भांड्यात घेतलं. सवयीने बफर घातलं, चिमूटभर रंगद्रव्य घातलं. पाणी असेल तर लाल होणार. वर्षभर प्रत्येक पाणी लालच झालं होतं. लाल हो गं बाई, ती मनातल्या मनात विनवत राहिली, एकदाच लाल हो.

निळं झालं. उघडलेल्या आभाळासारखं, डाग नसलेलं निळं. ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडत ज्या रंगाची वाट बघत ती वर्षभर ताटकळली होती, तो रंग आज न मागता समोर आला.

सांगावं तर परीक्षेतून बाहेर. हा तिचा दुसरा प्रयत्न, वर्ष बुडणार ते नक्की. न सांगावं आणि काही झालं, तर आईला कोण काय सांगणार? ती टेबलांच्या कडा धरत धरत परीक्षकांपाशी गेली. मुलं त्यांना गोठणबिंदू म्हणायची. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, मी तोंडाने पिपेट ओढली. ईडीटीए पोटात गेलंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. प्रयोगशाळेतल्या मामांना जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. मामा चपला वाजवत बाहेर गेले. प्राचार्यांना आणायला, दुसरं काय. परीक्षक तिच्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसले.

"ईडीटीएच कशावरून?"

"निळं आलं, सर."

"निळं आलं म्हणजे लाल व्हायला त्यात क्षार नव्हते, एवढंच. नळाचं पाणी घे. लाल कर. त्यात हे थेंब थेंब टाक. चल."

तिला वाटलं, हा माणूस आहे की दगड? इथे जीव चाललाय आणि याला प्रयोग सुचतोय. पण हात आपोआप चालू लागले. मधेच ते विचारत होते, घरी कोण कोण असतं, घशात जळजळतंय का, वसतिगृहात जेवण बरं मिळतं का. सगळं हजेरी घ्यावी तशा सुरात.

नळाचं पाणी गडद लाल झालं. तिने उजव्या बीकरमधला थेंब सोडला. खेकडा असेल तर एकेक कॅल्शियम पकडत जाणार आणि लाल सरून निळं उगवणार. अजून थेंब. अजून. मग तिने सगळा ड्रॉपर रिकामा केला.

लाल ते लालच.

मामा धापा टाकत परतले. त्यांच्या हातात लिटमसच्या पट्ट्या होत्या. परीक्षकांनी एक तांबडी आणि एक निळी पट्टी उजव्या बीकरमध्ये बुडवली आणि दोन्ही खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. एकीनेही रंग बदलला नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

"पाणीच आहे," ते म्हणाले. "क्षार काढून मृदू केलेलं. असा एक नमुना मी मुद्दाम ठेवला होता, तोच तुला आलाय. आणि ईडीटीए असतं तरी एका घोटाने काही झालं नसतं."

तिला रडू फुटलं. रडता रडता रागही आला. मग हे आधीच का नाही सांगितलं, असं तिने विचारलं.

"सकाळच्या मुलांनी याच टेबलावर ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं होतं. तेही असंच दिसतं, पाण्यासारखं, आणि ते विष आहे. लिटमस बघेपर्यंत तू नक्की काय प्यायलीस ते मला कुठे ठाऊक होतं, पोरी?"

मामांनी हळूच विचारलं, दवाखान्यात न्यायला म्हणून गाडी पायऱ्यांशी लावून ठेवलीय, ती आता परत पाठवू का.

परीक्षक उठायला गेले. टेबलाची कड घट्ट धरली, अर्धवट उभे राहिले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"थांबू द्या गाडी," ते म्हणाले. "मला घरी पोचवायला ती लागेल."