ओहोटीची वेळ

खाडीकाठच्या शेवटच्या घराचं कुलूप एजंटने मुद्दाम सावकाश उघडलं. सव्वाचार वाजले होते. आज सव्वाचारला पाणी पार तळाला जाणार, हे त्याच्याइतकं पक्कं या शहरात कोणाला ठाऊक नव्हतं. एरवी भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला वेळच देत नसे. पण आजचं गिऱ्हाईक म्हणजे त्याचा साडू होता, आणि साडूला त्याने निवडून निवडून ओहोटीची वेळ दिली होती.

समोर नुसता चिखल पसरला होता. भाड्याच्या होड्या एका कुशीवर कलंडल्या होत्या. वास असा, की मेहुणीने नाकाला लावलेला रुमाल काढलाच नाही. एजंटची बायको तेवढी पदर सावरत, मान उंचावून वरच्या गॅलरीकडे बघत होती.

"काय हो साडूभाऊ, तुमच्या जाहिरातीत तर निळंशार पाणी होतं," साडू म्हणाला. "हे असं कायम?"

"दिवसातून दोनदा," एजंट म्हणाला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग त्याने नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं. गेली पंधरा वर्षं हेच म्हणत आला होता तो, आज फक्त प्रत्येक वाक्याला एक 'पण' जोडला. काठाने फिरायला छान रस्ता आहे, पण वारा कान फोडतो. बोटिंग क्लब आहे, पण सभासद व्हायचं तर दोन-तीन वर्षं थांबा. धक्क्यावर गळ टाकून बसता येतं, पण मासे लागतात कुणाला? खोल्या मोठ्या आहेत, पण भिंतींना ओल आहे.

साडूचा चेहरा उतरत चालला, तसतसा एजंटला आतून गारवा वाटू लागला. साडूची मोठी गाडी त्याने गिळली होती. पन्नाशीत कामधंदा सोडून साडू मोकळा झाला, तेही गिळलं होतं. पण हे घर? रोज संध्याकाळी या गॅलरीत साडू पाय पसरून बसणार आणि आपण एसटी डेपोमागच्या आपल्या घरात, समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघत? दोन वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला 'भिंतींना ओल आहे' असं सांगून त्याने हे घर राखलं होतं, ते काय याच्या घशात घालायला?

"जाऊ द्या," साडू म्हणाला. "आपल्याला नाही जमायचं. चला, चहा पिऊ कुठेतरी."

"चला चला," एजंट म्हणाला आणि किल्ली खिशात टाकायला लागला.

"अहो, थांबा की," बायको म्हणाली. "आलोच आहोत तर वरून बघू. एवढी घरं दाखवता जगाला, मला एक तरी दाखवलंत का कधी?"

"वर काय आहे बघण्यासारखं?"

पण ती चार पायऱ्या चढलीसुद्धा होती, मेहुणी तिच्या मागे. एजंटही निघाला, आणि अर्ध्या जिन्यात त्याला आठवलं. उरलेल्या पायऱ्या तो दोन-दोन करत चढला. उशीर झाला होता.

रिकाम्या घराच्या रिकाम्या गॅलरीत एकच खुर्ची होती, खाडीकडे तोंड करून. शेजारी उलट्या बादलीवर थर्मास होता आणि थर्मासजवळ एक कप.

"अय्या, इथे कोण बसतं?" मेहुणीने विचारलं.

"असेल वॉचमन," एजंट म्हणाला.

बायकोने कप उचलला. पांढरा, काठाला निळी रेघ, कानाजवळ टवका उडालेला. तिने तो उलटा करून बघितला, सरळ करून बघितला. तिच्या सहाच्या सेटमधला हा एक ऑफिसात नेला आणि फुटला, असं त्याने तिला सांगितलं होतं. त्यावर ती तेव्हा चार दिवस हळहळली होती. मग तिने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला त्याचा जुना मफलर होता.

ती खुर्चीत बसली. कप मांडीवर धरून खाली चिखलाकडे बघत राहिली. कठड्याखालच्या दगडांवर, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, पाण्याची हिरवी रेघ स्पष्ट दिसत होती.

"ताई, चल ना गं," मेहुणी म्हणाली. "वास बघ कसला!"

"हा वास काही कायमचा नाही." बायको उठली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "उद्या सकाळी पावणेअकराला या दोघं. तेव्हा भरती असते, पाणी या रेघेपर्यंत येतं. आमच्या स्वयंपाकघरात कोष्टक लावलंय, मी रोज बघते ना. यांच्याकडून आज वेळ सांगताना चूक झाली. आणि ओलबील काही नाही गं, भिंती बघ कशा कोरड्या आहेत. घेऊन टाका."

साडूने वळून एजंटकडे पाहिलं. "अहो, मग सांगायचं नाही का आधी!" तो हसला आणि मेहुणीला घेऊन मागच्या खोल्या बघायला गेला. पाठोपाठ खिडक्या उघडल्याचे आवाज येऊ लागले.

"अगं, ऐक तरी," एजंट हलकेच म्हणाला. "मी आपला उगीच, घटकाभर…"

बायकोने कप पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

"सहा होते," ती म्हणाली. "दोन आणले असते, तर मीही बसले असते इथे."