सारख्याच आकाराचे प्रदेश

टूथब्रशच्या कंपनीत प्रदेशवाटप चाललं होतं. वर्षभरात जो जास्त माल खपवेल, तो विक्रीप्रमुख होणार होता. साहेबांच्या मेव्हण्यांनी भिंतीवरच्या नकाशात सगळ्यात वरच्या अवाढव्य तुकड्यावर पंजा ठेवला. "ग्रीनलंड माझं! पाच लाख ब्रश पाठवा. बाई, तुम्ही आफ्रिका घ्या. आकार सारखाच आहे, उगाच कुरकुर नको."

नकाशात ध्रुवाजवळचे प्रदेश फुगून दिसतात आणि प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे, हे एकेकाळी शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तोंड एवढंसं करून "बरं" म्हटलं.

महिन्याभराने मेव्हण्यांचा रडवेला फोन आला. "बाई, या अख्ख्या बेटावर जेमतेम सत्तावन्न हजार माणसं आहेत हो! सगळ्यांना एकेक ब्रश विकून झाला. उरलेल्या ब्रशांचं काय करू?"

 

"आता बाळांना दात यायची वाट बघा, भाऊसाहेब."