दोन अंगठे

हॉटेलवाला भट्टीच्या दाराला हात लावायला गेला आणि दोघी कुंभार बहिणींमधल्या धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"भाजेल, शेठ."

"अजून गरम आहे? मग माझ्या ताटल्या?"

"आत आहेत. निवल्याशिवाय नाही निघायच्या."

"संध्याकाळी माणसं जेवायला यायची आहेत माझ्याकडे. त्यांना काय हातावर वाढू?"

चूक धाकटीचीच होती. पहिलीच मोठी ऑर्डर, म्हणून ताटल्यांची झिलई तिने पुसून पुन्हा चढवली होती आणि त्या नादात भट्टी पेटवायलाच उशीर झाला होता. नव्या हॉटेलात सगळं इथल्याच माणसांच्या हातचं ठेवायचं, ही हॉटेलवाल्याची टूम. टेबलं मागच्या गल्लीतल्या सुताराची, पडदे विणकरणीचे, ताटल्या हिच्या. प्रत्येक ताटलीच्या पाठीवर तिचं नाव होतं. आजवर तिचं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं.

"हे बघा मॅडम," तो म्हणाला, "मला तुमचंच काम हवंय. पण दुपारपर्यंत नाही मिळालं, तर मी बाजारातून पांढऱ्या ताटल्या उचलतो. आणि एकदा त्या आल्या की आल्या. दोन-दोन संच ठेवू कुठे?"

हातातोंडाशी आलेला घास जायची वेळ होती.

एक उपाय होता. भट्टीच्या दारात मुठीएवढं भोक होतं, आतला जाळ बघायला. दोघी बहिणी त्याला डोळा म्हणत. त्यात वीट बसवलेली होती. ती काढली की भट्टी लवकर निवते.

पण विटेवर चिखल लिंपलेला होता आणि चिखलावर दोन अंगठे उठलेले होते. एक तिचा, एक ताईचा. भट्टी एक आणि माल दोघींचा, म्हणून ही रीत ताईने पाडली होती. दोघींनी अंगठे उठवून बंद करायची आणि दोघींनी मिळूनच उघडायची. ताई आईला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. जाताना तिने भट्टीकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ताईचा एकच नग आत होता. कमरेएवढा रांजण, नव्या वाचनालयाच्या दाराशी ठेवायचा. फळीवर मावेना म्हणून तो पुढे, डोळ्यासमोरच उभा केला होता. ताईने जन्मभर कुंड्याच विकल्या. हा रांजण घडवताना मात्र तिला जेवायला हाका माराव्या लागायच्या.

"ते भोक कसलं?" हॉटेलवाल्याने विचारलं. नको तिथे बरोबर नजर गेली.

"वारा आत जायला."

"मग जाऊ द्या की."

जरासाच वारा, धाकटीने मनाची समजूत घातली. ताई यायच्या आत परत लावू. तिने सांडशी उचलली, चिखल फोडला आणि वीट ओढली. वाळलेल्या चिखलाची खपली तिच्या पायाशी पडली, ताईच्या अंगठ्यासकट.

आत अजून लालसर झाक होती. तेव्हाच तिने हात आवरायला हवा होता. गार वारा आत शिरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एकच आवाज आला.

"काय झालं?" हॉटेलवाला म्हणाला.

ताटली तडकते तेव्हा पेल्याला नख लागावं तसा पातळ आवाज येतो. हा जाड होता.

तिने वीट परत खुपसली. "शेठ, तुम्ही बाजारातूनच आणा."

"अहो, पण आत्ता तर तुम्ही..."

"आणा म्हणते ना. ही आज उघडत नाही."

तो फोनवर पांढऱ्या ताटल्यांची चौकशी करतच बाहेर पडला. धाकटीने बादलीतला चिखल घेऊन डोळा लिंपला. त्यावर आपला अंगठा उठवला. मग शेजारी तोच अंगठा पुन्हा, जरा जोर देऊन, म्हणजे रुंद दिसेल.

"आईचा दात काढला," पिशवी खुंटीला अडकवत ताई म्हणाली. "दोन दिवस बोलायचं नाही म्हणालेत. घराला सुट्टी." हसतच ती भट्टीपाशी आली आणि थांबली. दाराच्या फटींवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. डोळ्यावरचा ओला होता.

ताई वाकली. नीट बघितलं.

"माझा अंगठा एवढा बारीक कधी झाला गं?"

धाकटीने चिखलाचा हात पाठीमागे नेला.

"आवाज आला?"

"एक."

"पातळ की जाड?"

पातळ म्हणता आलं असतं. भट्टीत भांडी तडकतातच, उद्या रांजण फुटका निघाला तरी कुणी कुणाला विचारलं नसतं. धाकटीला स्वतःची लाज वाटली, कारण तो शब्द तिच्या जिभेवर आला होता.

"जाड," ती म्हणाली.

ताईने बाही वर सारली.

"उद्या उघडू," ती म्हणाली. "दोघी असताना."

बादलीत बोटं बुडवून तिने तो दुसरा अंगठा पुसून काढला आणि त्या जागी आपला टेकवला. चिखल चांगलाच तापला होता. तरी तिने अंगठा लवकर उचलला नाही.